लस तयार आहे, पण मुलींपर्यंत पोहोचवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विकसनशील देशात शाळांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्रतिबंधावर काम सुरू करायचं आहे. पैसा मोजका आहे. तो लसीवर खर्च करावा, जनजागृतीवर की महिलांच्या तपासणीवर? एक डोस खरंच पुरतो का? पालक घाबरतात, त्यांना काय सांगायचं? आणि शाळेतल्या शिक्षिका "आम्हालाही लस द्या" म्हणतात, त्यांचं काय करायचं?

सरळ उत्तर आधी देते. मुलींना लस द्या, त्यांच्या आयांची तपासणी करा, आणि जनजागृती हा वेगळा तिसरा कार्यक्रम म्हणून चालवूच नका. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण बरीच वर्षं दवाखान्याबाहेरच्या कार्यक्रमांत गेली आहेत, आणि नुसत्या जनजागृतीचं काय होतं ते जवळून पाहिलं आहे. पोस्टर लागतात, भाषण होतं, एखादी बाई घाबरून आरोग्य केंद्रात येते आणि तिथे कळतं की तपासणी इथे होतच नाही. ती जी परत जाते ती पुन्हा फिरकत नाही, शिवाय शेजारच्या चारजणींना सांगते की काही उपयोग नाही. त्यामुळे माझा नियम साधा आहे: ज्या गावात पुढच्या आठ-पंधरा दिवसांत लस किंवा तपासणी पोहोचणार नाही, तिथे त्याबद्दल बोलायला जायचं नाही.

आता हा आजार टाळता येतो असं आपण इतक्या ठामपणे का म्हणतो, ते पाहू. बहुतेक कर्करोगांचं नेमकं एक कारण सांगता येत नाही. इथे येतं. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ साली गर्भाशयमुखाच्या गाठीत या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार शोधला, पुढच्याच वर्षी १८ क्रमांकाचा, आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, पण जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग या दोनच प्रकारांमुळे होतात. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी एचपीव्हीचा संसर्ग होतोच, आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्या थोड्या स्त्रियांमध्ये तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यात पेशी हळूहळू बदलत जातात. संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल तर पाच ते दहा. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला हा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या सहापट असतो, आणि आफ्रिकेच्या दक्षिण व पूर्व भागांतले आकडे इतके भयानक का आहेत याचं मोठं उत्तर तिथेच आहे.

२०२२ साली जगात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे साडेतीन लाख दगावल्या. त्या मृत्यूंपैकी ९४ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. विषाणू गरीब-श्रीमंत पाहत नाही. फरक एवढाच की श्रीमंत देशांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅप स्मीअरची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन तपासण्याची, यंत्रणा उभी केली आणि त्या पंधरा-वीस वर्षांच्या अवधीत बदललेल्या पेशी शोधून काढल्या. पॅप स्मीअरला प्रयोगशाळा लागते, काचपट्टी वाचणारा तज्ज्ञ लागतो, दर काही वर्षांनी बाईला परत बोलवावं लागतं आणि अहवाल तिच्यापर्यंत पोहोचवावा लागतो. हे सगळं जसंच्या तसं उचलून आणण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले आणि बहुतेक ठिकाणी शहरातल्या दोन-चार रुग्णालयांपलीकडे गेले नाहीत. लसीने हे गणितच बदललं, कारण तिच्यासाठी मुलीला फक्त एकदा, फार तर दोनदा भेटावं लागतं.

लस कशी काम करते हे पालकांना सांगता आलं पाहिजे, म्हणून थोडक्यात. विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं एक प्रथिन प्रयोगशाळेत तयार करतात. ते आपोआप एकत्र येऊन विषाणूसारखा दिसणारा पोकळ गोळा बनवतं. आत विषाणूचा जनुकीय भाग नसतोच, त्यामुळे लसीतून संसर्ग होणं शक्य नाही. शरीर मात्र ते कवच ओळखायला शिकतं. पहिली लस २००६ साली बाजारात आली, आणि आता तिचा परिणाम फक्त रक्तातल्या प्रतिपिंडांत नाही, प्रत्यक्ष कर्करोगाच्या आकड्यांत दिसतो. स्वीडनमध्ये १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींमध्ये पुढे कर्करोगाचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी निघालं. इंग्लंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या पिढीत ८७ टक्क्यांनी.

एका डोसची गोष्ट मुळातून सांगण्यासारखी आहे, कारण तिचा उगम एका फसलेल्या कार्यक्रमात आहे. भारतात २००९ साली दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात एका वेगळ्या प्रकल्पात हजारो मुलींना लस दिली जात होती. त्यातल्या सात मुलींचा मृत्यू झाला आणि देशभर गदारोळ उठला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण दुसरंच काहीतरी बाहेर आलं: वसतिगृहात राहणाऱ्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी अधीक्षकांच्या सह्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने एचपीव्ही लसीचे सगळेच अभ्यास थांबवले. त्यामुळे तुलनेच्या अभ्यासातल्या सुमारे १७,७०० मुलींपैकी जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनंतर पाहिलं तर एका डोसने १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं होतं, दोन किंवा तीन डोसांच्या तोडीचं. पुढे केनियात मुद्दाम याच प्रश्नासाठी रचलेल्या चाचणीतही दीड वर्षाच्या पाठपुराव्यात एका डोसची परिणामकारकता ९७ टक्क्यांच्या वर निघाली. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयाच्या मुलींसाठी एक किंवा दोन डोस, दोन्ही चालतील असं म्हटलं. एकविसाव्या वर्षापासून पुढे सहा महिन्यांच्या अंतराने दोन. एचआयव्ही असलेल्या मुलींना किमान दोन, आणि शक्य असेल तर तीन. हा अपवाद तुमच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ हवा, पण तो वर्गात सर्वांसमोर विचारायचा प्रश्न नाही. तो एचआयव्हीच्या उपचार केंद्राकडून हाताळा.

तेव्हा तुमच्या मोजक्या पैशाला हे उत्तर: तुमच्या देशाच्या कार्यक्रमात एक डोस मान्य असेल तर एकच द्या आणि दुसऱ्या डोसाचा वाचलेला पैसा शाळेबाहेरच्या मुलींवर घाला. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण शाळेत लसीकरण करणं सोपं असतं आणि आकडेही चांगले दिसतात. पण लवकर शाळा सोडलेली, लहानपणी लग्न झालेली, दुसऱ्याच्या घरी कामाला राहिलेली मुलगीच पुढे तपासणीलाही येणार नसते. धोका तिलाच सर्वांत जास्त.

या बाबतीत रवांडाकडून शिकावं. २०११ साली त्यांनी देशभर कार्यक्रम सुरू केला तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. इतक्या गरीब देशाला ही चैन कशाला, आणि तीही कंपनीने दान केलेल्या लसीवर, असा सूर होता. त्यांनी सहावीच्या वर्गात लस दिली, कारण मुलींची शाळेतली हजेरी उत्तम होती. त्या दिवशी ज्या गैरहजर होत्या किंवा शाळेत नव्हत्या, त्यांना गावोगावच्या आरोग्यसेवकांनी घरी जाऊन शोधलं. पहिल्याच वर्षी ९० टक्क्यांहून अधिक मुलींना तेव्हा द्यावे लागणारे तिन्ही डोस मिळाले. त्याआधी एक वर्ष भूतानने असाच कार्यक्रम सुरू केला होता. दोन्ही देशांत लस येण्याआधी सरकार, शिक्षक आणि धर्मगुरू यांच्याशी बोलणं झालेलं होतं आणि सर्वांच्या तोंडी एकच निरोप होता.

हे बोलणं कोणत्या क्रमाने करायचं, यावर माझं मत ठाम आहे. पालकांच्या सभेपासून सुरुवात करू नका. आधी आरोग्यसेविका. त्यांच्या स्वतःच्या मनात शंका असतात आणि त्या त्यांना कुणी विचारत नाही. एका प्रशिक्षणात मी सगळी माहिती सांगून झाल्यावर एक ज्येष्ठ सेविका हळूच म्हणाली, "मॅडम, ते सगळं ठीक आहे, पण तुम्ही तुमच्या मुलीला दिली का?" हा प्रश्न प्रत्येक गावात येणार. ज्या सेविकेने स्वतःच्या मुलीला किंवा भाचीला लस दिली आहे, तिच्या एका वाक्यापुढे माझी चित्रफीत फिकी पडते. सेविकांनंतर शिक्षक, मग आई आणि वडील दोघंही. वडिलांना वगळून केलेल्या सभा नंतर अंगाशी येतात, कारण होकार आईने दिलेला असतो आणि नकार संध्याकाळी घरातून येतो. मुलींशी शेवटी बोला, पण नक्की बोला. दंड पुढे करणारी मुलगी असते, तिला काय होणार ते कळायला हवं.

सभेत काय सांगायचं? ही कर्करोगाची लस आहे, एवढ्यावर भर द्या. लैंगिक आजाराची लस म्हणून सुरुवात केली की सगळी चर्चा मुलीच्या वागणुकीवर जाते आणि तिथेच अडकते. पण "हा विषाणू पसरतो कसा?" असं कुणी विचारलं तर टोलवाटोलवी करू नका. शारीरिक संबंधांतून पसरतो, लग्नानंतर नवऱ्याकडूनही येऊ शकतो, आणि म्हणूनच त्या वयाच्या कितीतरी आधी लस द्यायची, हे शांतपणे सांगा. नऊ ते चौदा हे वय निवडण्याचं हेच कारण. शिवाय या वयात शरीर लसीला जास्त जोमाने प्रतिसाद देतं. एकदा संसर्ग झाल्यावर लस तो बरा करत नाही, हेही त्याच दमात सांगून टाका.

वंध्यत्वाची अफवा येणार हे गृहीत धरा. लहान मुलींना, फक्त मुलींनाच, सरकार फुकट इंजेक्शन देतंय म्हटलं की हा संशय जवळपास प्रत्येक देशात उठला आहे. त्याची खिल्ली उडवू नका. ज्या समाजांवर पूर्वी सक्तीची नसबंदी लादली गेली, त्यांच्या संशयाला इतिहास आहे. उत्तर म्हणून सांगण्यासारखं हे: जगभरात कोट्यवधी मुलींना ही लस दिली गेली आहे आणि वंध्यत्वाशी तिचा संबंध आढळलेला नाही. उलट कर्करोगाच्या आधीच्या बदलांवर जे शस्त्रक्रियेसारखे उपचार करावे लागतात, त्यांतल्या काहींमुळे पुढच्या गरोदरपणात अडचणी येऊ शकतात. लस ते टाळते.

संमती लेखी घ्या किंवा तोंडी, तुमच्या देशाच्या नियमाप्रमाणे, पण पालकांचीच घ्या. खम्ममच्या सह्यांनी भारतात या लसीला दहा वर्षांहून अधिक काळ मागे ढकललं.

आता लसीकरणाचा दिवस, कारण कार्यक्रम बिघडतो तो बहुधा त्या दिवशी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना इंजेक्शननंतर चक्कर येते, कोणत्याही इंजेक्शनने येते. रांगेतली तिसरी मुलगी सर्वांसमोर कोसळली की मागच्या दहाजणींना घेरी येते. २०१४ साली कोलंबियातल्या एल कार्मेन दे बोलिव्हार या गावात शेकडो मुलींना अशीच लक्षणं दिसू लागली. त्यांच्या चित्रफिती फिरल्या, आणि चौकशीत लसीचा दोष नाही असं निघूनही देशातलं लसीकरण कोसळलं. जपानने २०१३ च्या एप्रिलमध्ये लस नियमित कार्यक्रमात घेतली आणि जूनमध्ये दुष्परिणामांच्या बातम्यांमुळे सक्रिय शिफारस मागे घेतली. ७० टक्क्यांच्या आसपास असलेलं प्रमाण एका टक्क्याखाली गेलं, आणि शिफारस पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. एवढा समृद्ध देश, एवढी चांगली आरोग्यसेवा, तरीही.

म्हणून खोलीची मांडणी अशी करा. मुली वर्गात बसून राहतील, रांग नको. एकेकीला आत बोलवा. आत पडदा, बसायला पाठ असलेली खुर्ची, इंजेक्शन बसूनच. बाहेर पडायचं दार वेगळं, आणि त्या दारापलीकडे सावलीची खोली, जमिनीवर सतरंजी, पिण्याचं पाणी. पंधरा मिनिटं तिथे बसायचं, एक शिक्षिका लक्ष ठेवायला. सकाळी उपाशी आलेल्या मुलींना आधी काहीतरी खायला द्या. चक्कर आलीच तर आडवं करून पाय उंच धरायचे. गंभीर ॲलर्जी अतिशय क्वचित होते, पण ॲड्रेनलिनचं इंजेक्शन त्या खोलीत हवंच, आरोग्य केंद्राच्या कपाटात असून उपयोग नाही. आणि काही घडलं तर पालकांशी आणि पत्रकारांशी कोण बोलणार त्या माणसाचं नाव आधीच ठरलेलं असू द्या. पहिल्या काही तासांत अधिकृत माणूस गप्प राहिला की ती जागा अफवा भरून काढते.

साठवणुकीबद्दल एकच सांगते, कारण चूक नेहमी उलट्या बाजूने होते. सगळे उन्हाला घाबरतात, पण ही लस गोठली तर ती कायमची निकामी होते. तिला २ ते ८ अंश सेल्सिअस हवं. बर्फखान्यातून काढलेले आइसपॅक थेट पेटीत भरू नका. बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मग भरा. गोठून वितळलेल्या कुपीत कण दिसतात आणि गाळ लवकर खाली बसतो. शंका आली तर ती कुपी बाजूला.

आता आया. लस घेतलेल्या पिढीचा फायदा दिसायला वीस वर्षं लागतील, आणि आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या बायका तोवर थांबू शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० साठीचं लक्ष्य ९०-७०-९० म्हणून ओळखलं जातं: पंधराव्या वर्षाच्या आत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा चांगल्या चाचणीने तपासणी, आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार. यातला मधला आकडा बहुतेक विकसनशील देशांत सर्वांत लंगडा आहे.

हे गरीब भागातही जमतं याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांमध्ये ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे गर्भाशयमुखाच्या नमुन्यात हा विषाणू आहे का ते पाहणाऱ्या चाचणीने, या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाने थोडंसं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांकडून गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी करवली. दोष असलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. तेवढ्याने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ही पद्धत स्वस्त आहे, पण पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून आहे आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत तितकी विश्वासार्ह नाही. पैसा जमत असेल तर एचपीव्ही चाचणीच घ्या. तिचा मोठा फायदा म्हणजे नमुना बाई स्वतः आडोशाला जाऊन घेऊ शकते. टेबलावर झोपून तपासून घ्यायची लाज हे तपासणीला न येण्याचं सर्वांत मोठं कारण असतं, आणि ते एका कापसाच्या काडीने दूर होतं.

दोष आढळलेल्या बाईला मात्र परत पाठवू नका. थर्मल ॲब्लेशनचं हातात मावणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र आहे. बदललेल्या पेशी मिनिटभराच्या आत उष्णतेने नष्ट होतात, भूल लागत नाही, आणि ते प्रशिक्षित नर्सही करू शकते. शक्य तिथे त्याच दिवशी करा. "पुढच्या महिन्यात या" म्हटलं की त्यातल्या कित्येक येत नाहीत: प्रवासाचा खर्च, बुडालेली मजुरी, घरच्यांची परवानगी. ज्यांचे बदल यंत्राने झेपण्याच्या पुढे गेले आहेत त्यांना कुठे पाठवायचं, तिथे कुणाला भेटायचं आणि भाडं कोण देणार, हे पहिली बाई तपासण्याआधी ठरलेलं हवं. संबंधांनंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर रक्त जाणं, दुर्गंधीयुक्त पांढरं जाणं, ही लक्षणं असलेल्या बाईला तपासणी शिबिराची वाट बघायला लावू नका. तिला थेट रुग्णालयात पाठवा.

व्यवहारात हे असं जोडता येतं: मुलींच्या लसीची पालकसभा झाली की त्याच ठिकाणी, त्याच दिवशी आयांसाठी नमुना घ्यायची सोय ठेवा. मुलीसाठी आलेली आई स्वतःसाठी म्हणून कधी आली नसती.

आणि आता त्या शिक्षिका. त्यांची मागणी समजण्यासारखी आहे, आणि त्यांना दुखवलं तर कार्यक्रमालाच फटका बसतो. पण तिशी-चाळिशीत बहुतेकींचा विषाणूशी संबंध येऊन गेलेला असतो, त्यामुळे लसीचा फायदा फार थोडा उरतो, आणि मोजक्या साठ्यातला त्यांचा डोस एका दहा वर्षांच्या मुलीच्या वाट्याचा असतो. त्यांना स्पष्ट सांगा की तिशीनंतर त्यांच्यासाठी तपासणी हीच जास्त उपयोगाची आहे, आणि सभेच्या दिवशी आयांच्या आधी त्यांना नमुना देऊ द्या. स्वतःच्या पैशाने लस घ्यायची असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावी, मनाई काही नाही. मात्र लस घेतली म्हणून तपासणी सोडायची नाही, कारण लसीत नसलेले प्रकार राहतातच. हीच गोष्ट आज लस घेणाऱ्या मुलींनाही तिशीत लागू होणार आहे, म्हणून त्यांच्या लसीकरणाच्या कार्डावर तसं लिहून द्या.